शरणपूरची शिदोरी

नाशिक म्हटले की रामकुंड, काळाराम आणि पंचवटी ही नावे ओघानेच जिभेवर येतात. त्याच नाशकात शरणपूर रोड नावाचा एक मोठा रस्ता आहे. रोज हजारो माणसे त्या रस्त्याने जातात-येतात. परंतु हे शरणपूर कोणते, तेथे शरण आले ते कोण, आणि त्या आश्रयाचे पुढे काय झाले, याचा विचार क्वचितच कोणी करीत असेल. त्या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता गोदाकाठावरून थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जावे लागते.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज संस्थेचे काम नाशकात १८३२ साली सुरू झाले. रेव्हरंड फॅरर हे तेथील आरंभीचे पाद्री. प्रारंभ शाळांपासून झाला. मुले शाळेत येत, शिकत आणि घरी परत जात. तोवर गावाची फारशी तक्रार नसे. पण एखाद्याने धर्मांतर केले की सारेच चित्र पालटे. घरचा उंबरठा बंद, पाणवठा बंद, जातीचा धंदाही बंद! अशा माणसास नुसता उपदेश करून भागत नाही. त्यास राहावयास छप्पर आणि हातास काम द्यावे लागते. या निकडीतूनच रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास शहराच्या पश्चिमेस एक स्वतंत्र वस्ती वसविली. तिचे नाव शरणपूर. अनाथ मुलांचा आश्रम, शाळा आणि उद्योगशाळा हे त्या वस्तीचे मुख्य आधार होते.

पुढे या वस्तीत अगदी अनपेक्षित पाहुणे आले. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार जोरात चालू होता. आतल्या मुलखातून पळवून आणलेली मुले गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे नेली जात. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी अशी गलबते पकडली की मुले मोकळी होत; परंतु मोकळी होऊन जाणार कोठे? गाव कित्येक कोस आत, आईबाप मेले की जगले याचा पत्ता नाही. त्यांपैकी अनेक मुले मुंबईस उतरविण्यात येत. त्यांचा सांभाळ करणारा आश्रम १८६० साली शरणपुरास हलविण्यात आला. आपल्याकडे ज्यांस हबशी किंवा सिद्दी म्हणत, अशी ही मुले नाशिकच्या हवेत वाढू लागली. त्यांना लिहिणे-वाचणे शिकवीत. त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे कसबही देत.

या आश्रयाची एक बाजू मात्र मनास चटका लावणारी आहे. इतिहासाच्या पानांवर ही मुले भेटतात ती सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फॅरर अशा नावांनी. प्राइस, आयझेनबर्ग, फॅरर ही तर पाद्र्यांची आडनावे! आईने ज्या नावाने हाक मारली ते नाव बहुतेकांच्या बाबतीत कागदावर उरलेच नाही. गुलामाच्या व्यापाऱ्याने घर हिरावले. आश्रयदात्याने अन्न, विद्या आणि कसब दिले, परंतु जुन्या नावाचा धागाही तुटला. उपकाराचा हिशेब मांडताना ही नोंदही खाती लिहिली पाहिजे.

१८६५ साली प्रख्यात प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले. बार्टल फ्रिअर हे तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. आफ्रिकेतील नव्या सफरीसाठी लिव्हिंग्स्टन यांनी नाशकाहून नऊ तरुण घेतले. या तरुणांनी त्यांची मने जिंकली असे मात्र म्हणता येत नाही. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी तक्रारी आहेत. कित्येकांनी वाटेतच साथ सोडली. एडवर्ड गार्डनरसारखे काही शेवटपर्यंत टिकले. १८७२ साली शरणपूरच्या तरुणांची दुसरी तुकडी त्यांस जाऊन मिळाली. तीत जेकब वेनराइट होता.

१८७३ च्या मे महिन्यात चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचा अंत झाला. जवळ एकही गोरा मनुष्य नव्हता. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. नाशकात गिरविलेली अक्षरे अशी आफ्रिकेच्या अरण्यात उमटली. पुढे सुसी आणि मुंबईस जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिलेला चुमा यांच्या नेतृत्वाखाली त्या मंडळींनी तो देह हजाराहून अधिक मैल वाहून १८७४ च्या फेब्रुवारीत समुद्रकाठी आणला. देहासोबत इंग्लंडला गेला तो एकटा जेकब. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत, थोरामोठ्यांच्या बरोबरीने, नाशकाचा हा विद्यार्थी उभा होता.

त्याच वर्षी प्राइस मोंबासास गेले. तेथे मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वस्ती उभी राहिली, आणि तिचा कणा झाले ते हिंदुस्थानातून गेलेले शंभराहून अधिक आफ्रिकी स्त्रीपुरुष. त्यांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. शिक्षक, सुतार, लोहार अशी कामे त्यांनी केली. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स तर १८८५ साली दीक्षित पाद्री झाला. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन यांचा बुसोगात वध झाला, तेव्हा मागे राहिलेला तांडा सांभाळून परत आणला तो याच जोन्सने. तथापि गोऱ्या पाद्र्यांनी आपणास बरोबरीने वागवावे, ही या मंडळींची अपेक्षा पुरी झाली नाही, आणि त्यांची नाराजी उघड झाली. गुलामांचे व्यापारी चालून आल्यास इशारा देणारी फ्रिअरटाउनची घंटा ज्या मनोऱ्यात टांगली होती, तो मनोरा अद्याप उभा आहे.

शरणपुराची थोरवी केवळ आश्रय देण्यात नाही. आश्रय देणाऱ्यास वरचा हात आवडतो, आणि घेणाऱ्याने सदैव कृतज्ञ राहावे असेही त्यास वाटते. फ्रिअरटाउनची नाराजी ही त्याच वृत्तीविरुद्धची होती. पण एकदा अक्षर आणि कसब हाती दिले की शरणागत शरणागत राहत नाही. तो स्वतः दुसऱ्यास आधार देऊ लागतो आणि बरोबरीचा मानही मागतो. तो मान मागणे हा कृतघ्नपणा नव्हे. दिलेली विद्या अंगी लागल्याची ती खूण होय. सावली झाडाजवळच राहते. शिदोरी मात्र वाटसरूबरोबर जाते. शरणपुराने नाव हिरावले खरे, पण शिदोरी दिली. आणि ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कित्येकांना पुरली.