प्रवेश परीक्षेचे नियम कोण लिहितो?

उच्च शिक्षणाच्या प्रवेशाचा निकाल लागला की एक वाक्य हमखास ऐकू येते: परीक्षा सगळ्यांना सारखीच असते, ज्याच्यात दम असतो तो पुढे जातो. आपल्या पोरापोरींना हे इतक्या वेळा ऐकवले गेले आहे की त्यातल्या अनेकांना ते खरे वाटू लागले आहे. म्हणून एम.ए. आणि पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींसमोर आम्ही या परीक्षेचा थोडा इतिहास ठेवतो आहोत. परीक्षेचे नियम आभाळातून पडत नाहीत. ते माणसे लिहितात, आणि लढा दिला तर ते बदलतात.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात मुंबई विद्यापीठाच्या कायद्यावर चर्चा चालू होती. बाबासाहेब तिथे सदस्य होते. परीक्षा आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दर्जा वाढवण्याच्या नावाखाली परीक्षा अवघड करत नेली तर विद्यापीठाचा उंबरठा कधीच न ओलांडलेले मागास समाज बाहेरच राहतील, असे त्यांनी मांडले. तेव्हाही ‘दर्जा’ हाच शब्द पुढे केला जात होता. आज त्याला ‘मेरिट’ म्हणतात, एवढाच फरक.

आता दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाकडे पाहू. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाने मागास भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवेशात जादा गुण देण्याची पद्धत आणली. ऐंशीच्या दशकात ती बंद झाली आणि नव्वदच्या दशकात विद्यार्थी आंदोलनाने ती परत मिळवली. खेड्यातल्या कॉलेजातून मिळवलेले साठ गुण आणि महानगरात क्लास लावून मिळवलेले साठ गुण सारखे नसतात, हे त्या पद्धतीने मान्य केले होते.

पण त्याच विद्यापीठात संशोधनाच्या प्रवेशाला लेखीचे ७० आणि मुलाखतीचे ३० गुण होते. लेखीत चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी मुलाखतीत एक-दोन गुणांवर अडकतो, ही तक्रार बहुजन विद्यार्थी वर्षानुवर्षे करत होते. मुलाखतीच्या खोलीत आडनाव, बोली, इंग्रजी सगळेच समोर असते. विद्यापीठानेच नेमलेल्या अब्दुल नाफे समितीने आकडे तपासले. सामाजिक गटांनुसार लेखी आणि तोंडी गुणांत तफावत दिसते, असे सांगून तिने मुलाखतीचे गुण ३० वरून १५ वर आणावेत अशी शिफारस केली.

झाले मात्र उलटेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी लेखी परीक्षा फक्त पात्रतेपुरती ठेवली आणि निवड मुलाखतीवर सोपवली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. २०१८ मध्ये नियम बदलून पुन्हा ७०:३० झाला आणि राखीव प्रवर्गांना पात्रता गुणांत ५ टक्के सवलत मिळाली. हे कुणाच्या कृपेने झाले नाही.

आता दरवाजा वेगळ्या पद्धतीने अरुंद होतो आहे. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी आली. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला उणे १. सलग चार पाने मुद्देसूद लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या विचाराला इथे जागा नाही. पर्याय झटपट निवडण्याचा सराव लागतो, आणि तो सराव विकणारे क्लासवाले दारात उभेच आहेत. पदवीची सीयूईटी मराठीतून देता येते, पण पदव्युत्तर परीक्षा भाषाविषय सोडले तर इंग्रजी आणि हिंदीतच. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या मुलीने काय करायचे? २०२४ पासून पीएच.डी. प्रवेश नेटशी जोडला गेला आणि त्याच वर्षी १८ जूनची नेट दुसऱ्या दिवशी रद्द झाली. परीक्षा देऊन आलेल्या नऊ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च कुणी भरून दिला?

मग तयारी सोडायची का? मुळीच नाही. तयारी दुप्पट करायची, पण एकट्याने नाही. गावातल्या बुद्धविहारात, वसतिगृहात गट करून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. विषयातल्या इंग्रजी संज्ञांची वही आजपासून घाला. आधी प्रवेश मिळवलेल्या दादा-ताईंना बसवून सरावाच्या मुलाखती घ्या. माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेळेआधी काढून ठेवा. राज्याच्या दाखल्यावर केंद्रीय विद्यापीठात अडवणूक होऊ शकते. ओबीसी मित्रांनी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही तपासावे. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क १९९० मध्ये मिळाले. ज्या हक्कासाठी मागची पिढी दशकानुदशके भांडली, तो एका कागदावाचून हातचा जाऊ देऊ नका.

आणि आत गेल्यावर दार मागे लावून घेऊ नका. प्रवेश समितीत काय चालते, लेखी आणि तोंडी गुण प्रवर्गनिहाय जाहीर होतात का, हे विचारा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. परीक्षा पास होणे हे आपले काम आहेच. तिचे नियम लिहिणाऱ्यांना जाब विचारणे हेही आपलेच काम आहे.

जय भीम!