उत्तर खिंडीतील सात भारवाहक

पर्वत जिंकला, असे म्हणण्याची मनुष्याला मोठी हौस आहे. एव्हरेस्टच्या इतिहासातही उंचीचे विक्रम आणि विक्रमवीरांची नावे पानोपानी आढळतात. परंतु त्या पर्वतावरील प्रत्यक्ष चढाईत ज्यांच्या मृत्यूची नोंद सर्वप्रथम झाली, ते शिखर गाठण्यासाठी आलेले साहेब नव्हते. मजुरीवर ओझी वाहणारे सात भारवाहक होते.

ही गोष्ट १९२२ सालची. नेपाळची दारे त्या काळी परकीयांना बंद असल्यामुळे जनरल चार्ल्स ब्रूस यांची ब्रिटिश मोहीम तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टला गेली. २७ मे रोजी जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस हे दोघे प्राणवायूच्या साहाय्याने सुमारे २७,३०० फुटांपर्यंत पोहोचले. इतके यश पदरी पडल्यावर आणखी एक प्रयत्न करण्याचे ठरले. तेवढ्यात पावसाळ्याची चाहूल लागली आणि पर्वतावर नव्या हिमाचा जाड थर साचला. मग एक दिवस ऊन पडले. ७ जून रोजी सकाळी मॅलरी, सॉमरव्हेल आणि क्रॉफर्ड हे चौदा भारवाहकांसह उत्तर खिंडीकडे निघाले.

मॅलरी बेफिकीर होता, असे म्हणता येणार नाही. हिम घसरण्याचा धोका त्याच्या ध्यानात होता. प्रारंभीच्या चढावर त्याने हिम मुद्दाम तुडवून, त्यात चर पाडून पाहिला. हिम हलले नाही. तेव्हा वाट सुरक्षित आहे, असे सर्वांनी मानले. दुपारी दीडच्या सुमारास स्फोटासारखा आवाज झाला आणि पायाखालचा उतारच चालू लागला. पुढच्या दोरावरील माणसे हिमातून धडपडत बाहेर आली. मागच्या दोन दोरांवरील नऊ भारवाहक मात्र बर्फाच्या उंच कड्यावरून खाली फेकले गेले. दोघांना जिवंत उकरून काढता आले. सात जण गेले. त्यांचे देह आहेत तेथेच असू द्यावेत, अशी त्यांच्या सोबत्यांची इच्छा होती. खालच्या तळावर त्यांच्या स्मरणार्थ दगडांची एक रास रचण्यात आली.

चूक कोठे झाली? नवे हिम जुन्या थराला सर्वत्र सारखे चिकटत नाही. मधला एखादा थर कच्चा राहिला, की उतरत्या छपरावर पसरलेली ताडपत्री सुटावी तसा वरचा सारा थर एकदम निसटतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हा धोका सर्वांत अधिक. वारा हिम वाहून नेतो आणि आडोशाच्या बाजूला त्याचे ढीग रचतो. म्हणून एका जागी केलेली परीक्षा त्या जागेपुरतीच खरी. शंभर पावलांवरचा उतार निराळा असू शकतो. शिवाय एकाच उतारावर सारी माणसे एकदम असली, तर त्यांचा भारच कच्चा थर तोडण्यास पुरेसा होतो.

हे ज्ञान पुढे पद्धतशीरपणे जमविले गेले. १९३६ साली स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसनजीक वाइसफ्लुयोख येथे हिमाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी राहिली. भारतात १९६९ साली मनाली येथे लष्करी संशोधनाच्या अंगाने असेच कार्य सुरू झाले. आज हिमप्रदेशात जाणारा शहाणा प्रवासी आधी धोक्याचा इशारा वाचतो. नवा हिमवर्षाव झाला की तो थांबतो. संशयास्पद उतार ओलांडावाच लागला, तर एका वेळी एकच जण जातो आणि बाकीचे त्याच्यावर नजर ठेवतात. हिमाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच वाचण्याची मोठी आशा असते. त्यामुळे संकेत पाठविणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ असावे लागते. बाहेरची मदत येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

तथापि १९२२ च्या घटनेतून उरणारा प्रश्न केवळ हिमाचा नाही. पुढे जाण्याचा निर्णय तिघांचा होता आणि मृत्यू मात्र भारवाहकांच्या वाट्याला आला. मॅलरीने पत्रांतून दोष स्वतःकडे घेतला. मृतांत एकही इंग्रज नसावा, ही खंत सॉमरव्हेलला आयुष्यभर सलत राहिली. त्या दोघांच्या मनाचा प्रामाणिकपणा यातून दिसतो. परंतु ज्यांच्या पाठीवर ओझे होते, त्यांचे मत कोणी विचारले होते काय?

१८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या नेपाळी बाजूस, खुंबूच्या हिमप्रपातावर, बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामकरी मृत्युमुखी पडले. तेही इतरांच्या चढाईसाठी वाट आणि सामान सिद्ध करीत होते. या वेळी मात्र त्यांच्या सोबत्यांनी वर जाण्यास नकार दिला आणि त्या बाजूचा त्या वर्षीचा हंगाम जवळजवळ तेथेच संपला. परत फिरण्याचा निर्णय घेण्याचा हक्क ओझे वाहणाऱ्यालाही आहे, हे एव्हरेस्टला कळण्यास ब्याण्णव वर्षे लागली.