गिट : सामायिक रिपॉझिटरीचे प्रशासन

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या विकासासाठी निर्माण केलेल्या ‘गिट’ या आवृत्ति-नियंत्रण प्रणालीत प्रत्येक सहकाऱ्यापाशी इतिहासाची संपूर्ण प्रत सहसा असते. तथापि अनेकांचे काम जेथे एकत्र यावयाचे, त्या मध्यवर्ती रिपॉझिटरीचा बंदोबस्त कोणाच्या तरी अखत्यारीत असणे अपरिहार्य ठरते. ही रिपॉझिटरी बहुधा ‘बेअर’ स्वरूपाची, म्हणजे संपादनाची कार्यप्रत नसलेली, केवळ इतिहास व शाखानिर्देश जतन करणारी असते. युनिक्ससदृश सर्व्हरवर ती निर्माण करतानाच ‘शेअर्ड’ हा पर्याय दिला, तर एकाने निर्मिलेल्या फोल्डरात गटातील दुसऱ्यासही लिहिण्याची मुभा राहते आणि शाखेचा पूर्वेतिहास मोडणारा ‘पुश’ (म्हणजे बदलांची रवानगी) परस्पर नाकारला जातो.

प्रशासकाची खरी हुकमत ‘हुक’ नामक आज्ञावलींत वसते. ‘प्री-रिसीव्ह’ हा हुक प्रत्येक पुशच्या वेळी एकदा, तर ‘अपडेट’ हा बदलू पाहणाऱ्या प्रत्येक शाखेगणिक चालतो, त्यामुळे कोणास कोणत्या शाखेवर दाखल होऊ द्यावे याचा सूक्ष्म निवाडा दुसऱ्यातच करणे इष्ट. येथे एक दक्षता अत्यावश्यक आहे : ‘कमिट’वरील, म्हणजे नोंदवलेल्या बदलावरील, कर्त्याचे नाव ज्याचे त्याने घातलेले असते, ते पुराव्यादाखल धरता येत नाही, पुश करणाऱ्याची ओळख एसएसएच-किल्लीसारख्या साधनानेच पटवावी लागते.

बेअर रिपॉझिटरीत शाखांच्या हालचालींची रोजनिशी, म्हणजे रेफलॉग, मुळात बंद असतो आणि कोणत्याही शाखेचा आधार न उरलेले घटक ‘जीसी’ ही सफाई साधारणतः २ आठवड्यांनंतर नष्ट करते. म्हणून शाखेची पूर्वीची स्थिती परत मिळवता यावी यासाठी रेफलॉग प्रारंभीच सुरू करावा.