खेळाचा प्रयोग : ठाण्याची दहीहंडी आणि तिचा प्रेक्षक

मराठीत नाटकाचाही खेळ होतो आणि कबड्डीचाही. तमाशाचा खेळ, सिनेमाचा खेळ, आट्यापाट्यांचा खेळ असे आपण सहज म्हणून जातो आणि त्यात काही विसंगती आहे असे कुणाला वाटत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यानंतर कितीतरी काळ मराठी जाहिरातींतून नाटकाचा ‘खेळ’च होत राहिला. ‘प्रयोग’ हा शब्द प्रतिष्ठित झाला तो पुढे. क्रीडा आणि कला यांच्यात आज आपण जी भिंत मानतो, ती भाषेने फारशी मनावर घेतलेली नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

संस्कृतातही हेच दिसते. ‘रंग’ हा शब्द आपण नाट्याशी जोडतो. ठाण्याच्या नाट्यगृहाचे नावही राम गणेश गडकरी रंगायतन असेच आहे. परंतु महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्य आपल्या शिष्यांचे अस्त्रकौशल्य लोकांसमोर मांडतात, त्या मैदानालाही रंगभूमीच म्हटले आहे. तेथे प्रेक्षागार उभारले जाते, नागरिक मंच बांधतात, वाद्ये वाजतात आणि मग त्या रंगात कर्ण प्रवेश करतो. भागवताच्या दशमस्कंधात कृष्ण कंसाच्या मल्लरंगात पाऊल टाकतो, तेव्हा एकाच कृष्णाला मल्ल, स्त्रिया, गोप, मातापिता आणि कंस असे प्रत्येक जण निरनिराळ्या रूपात पाहतात. टीकाकारांनी त्या श्लोकात रसांची यादीच शोधली. कुस्तीच्या आखाड्याभोवतीच्या प्रेक्षकाला रसिक मानण्याचे हे बहुधा आपले सर्वांत देखणे उदाहरण आहे. नाट्यशास्त्रात तर देव ब्रह्मदेवाकडे ‘क्रीडनीयक’ मागतात, म्हणजे खेळणे मागतात. पाहता येईल आणि ऐकताही येईल असे खेळणे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या आमच्या परिसरात ही जुनी सरमिसळ नकळत टिकून आहे. ठाण्याच्या मुख्य मैदानाचे नाव दादोजी कोंडदेव क्रीडा प्रेक्षागृह. ‘प्रेक्षागृह’ हा भरताचा शब्द ‘क्रीडा’ या शब्दाला जोडून तयार झालेले हे नाव आम्हांला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डिसेंबर २०१० मध्ये याच प्रेक्षागृहात भरले. फेब्रुवारी २०१७ मध्ये ९० वे संमेलन डोंबिवलीत झाले, तेही ह. भ. प. सावळाराम महाराज क्रीडा संकुलात. आणि त्या संकुलाच्या शेजारीच सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. मैदान साहित्याला चालते, हे दोन्ही शहरांनी सिद्ध केले. उलट बाजूचा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. खेळाच्या मैदानावर कला आली की प्रेक्षक तिच्याकडे नेमका कसा पाहतो?

आधुनिक क्रीडासोहळ्यांच्या इतिहासात हा प्रश्न जुना आहे. ऑलिंपिकचे पुनरुज्जीवन करणाऱ्या पिएर द कुबर्तँ यांची इच्छा अशी होती की शरीर आणि कला यांची स्पर्धा एकाच छत्राखाली व्हावी. त्यानुसार १९१२ च्या स्टॉकहोमपासून १९४८ च्या लंडनपर्यंत वास्तुकला, साहित्य, संगीत, चित्रकला आणि शिल्पकला यांसाठीही पदके दिली गेली. १९१२ चे साहित्याचे सुवर्णपदक तर टोपणनावाने लिहिणाऱ्या खुद्द कुबर्तँ यांनाच मिळाले. परंतु या स्पर्धांत एक विचित्र विषमता होती. चित्रे आणि शिल्पे यांना प्रदर्शनामुळे प्रेक्षक मिळाला. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनाला साडेतीन लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. कवितेला मात्र परीक्षक होते, प्रेक्षक नव्हता. धावपटूची शर्यत हजारो डोळ्यांसमोर होत असे आणि कवीची शर्यत कागदावर संपत असे. व्यावसायिक कलावंत आणि हौशी खेळाडू यांच्या नियमांचा मेळ बसेना म्हणून पुढे कलेची पदके बंद झाली, प्रदर्शने आणि महोत्सव उरले. कला क्रीडेची सहस्पर्धक होती, ती यजमानाच्या घरची सजावट झाली.

मात्र बर्लिनच्या १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी महाराष्ट्राच्या वाट्याला याहून वेगळा प्रकार आला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. प्रात्यक्षिकात जय-पराजय नसतो, लय आणि आकृती असते. आपल्या मातीत जो खेळ होता, तो परक्या प्रेक्षकासमोर गेल्यावर जवळजवळ नृत्याच्या जातीचा झाला. तेव्हा क्रीडा आणि कला यांतील सीमारेषा ठरते ती बऱ्याचदा प्रेक्षकाच्या नजरेने, असे आम्हांला वाटते.

या दृष्टीने आमच्या परिसरातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ठाण्याची दहीहंडी.

दहीहंडीचे मूळ गोपाळकाल्यात आहे आणि गोपाळकाला हा वारकरी परंपरेत साहित्याचाच एक प्रसंग आहे. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. कीर्तनकार कृष्णाच्या बाळलीला लावतो आणि अखेरीस हंडी फुटते. एकनाथ आणि तुकाराम यांनी हमामा, हुतुतू, फुगडी, विटीदांडू अशा खेळांवर अभंग रचले, तेही या लीलांच्याच अंगाने. येथे खेळ कलेच्या पोटात आहे. श्रोता आणि खेळगडी यांत अंतर नाही; ज्याने अभंग ऐकला त्याच्याच हातावर काला पडतो. गल्लीतल्या हंडीतही हे नाते बरेचसे टिकून होते. गाणी पथकातली मुलेच म्हणत, पाणी खिडकीतून पडे, आणि हंडी फुटली की खेळ संपे.

ठाण्यात आनंद दिघे यांच्या टेंभी नाक्यावरील उत्सवाने या खेळाला मोठ्या चौकाची सवय लावली. दिघे यांचे २००१ मध्ये निधन झाले. त्यानंतरच्या दशकात शहरात अनेक आयोजक उभे राहिले, बक्षिसे लाखांच्या घरात गेली, आणि जोगेश्वरी, माझगाव यांसारख्या मुंबईच्या भागांतील पथके ट्रक, टेम्पो आणि दुचाक्यांवरून ठाणे-कल्याणच्या दिशेने येऊ लागली. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थर रचले. ४३.७९ फूट उंचीच्या त्या मनोऱ्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. ज्या संस्थेच्या उत्सवात हे घडले, तिचे नाव संस्कृती युवा प्रतिष्ठान. क्रीडाविक्रमाच्या यजमानाने ‘संस्कृती’ हे नाव धारण करावे, हा योगायोग आम्हांला सूचक वाटतो.

या वाढीत खेळाच्या रचनेतच एक बदल झाला आणि आमच्या मते तो उंचीपेक्षा महत्त्वाचा आहे. मोठ्या हंडीच्या ठिकाणी आलेले पथक बहुधा हंडी फोडत नाही, ‘सलामी’ देते. थर लावायचे, वरच्या एक्क्याने हात उंचावायचा, थरांच्या हिशेबाने बक्षीस घ्यायचे आणि पुढच्या चौकाकडे निघायचे. हंडी सकाळपासून तशीच लटकलेली असते आणि रात्री फुटते. कारण उघड आहे. हंडी फुटली तर खेळ संपेल, आणि खेळ संपला तर गर्दी पांगेल. म्हणजे ज्या कृतीसाठी हा खेळ आहे, तीच कृती दिवसभर पुढे ढकलावी लागते. नाटकाच्या भाषेत बोलायचे तर उत्कर्षबिंदू लांबवला जातो. मग दोन पथकांच्या मधला वेळ भरायचा कशाने? येथे व्यासपीठ येते. वाद्यवृंद, लावणी, सिनेतारकांची हजेरी, निवेदकाचे विनोद, ध्वनिक्षेपकांच्या भिंती. या सगळ्याला ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणतात.

या कार्यक्रमांविषयी शिष्ट वर्तुळात नापसंती व्यक्त करण्याची पद्धत आहे. ती सोपी आहे म्हणून आम्हांला पुरेशी वाटत नाही. चौकातला प्रेक्षक लावणीकडे पाठ फिरवत नाही, तारका आली की मोबाइल उंचावतो, पण ढोलाचा आवाज घेऊन पथक शिरले की तो व्यासपीठ विसरतो. त्याचे लक्ष कोठे आहे हे त्याची मान सांगते : कार्यक्रमाच्या वेळी मान समोर, थरांच्या वेळी वर. कार्यक्रम त्याला थांबवून ठेवतो. गुंतवून ठेवतात ते थर. थांबवणे आणि गुंतवणे यांतला हा भेद क्रीडासोहळ्यातील कलेच्या विचारात मध्यवर्ती ठरावा. अनेक मोठ्या स्पर्धांच्या उद्घाटनांतही बाहेरून आणलेली कला थांबवण्याचेच काम करीत असते.

कला आतून आली तर काय होते, हे पाहण्यासाठी कॅटलोनियाकडे वळावे लागते, कारण तेथेही मानवी मनोरे रचले जातात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या उद्घाटनात ते जगाने पाहिले आणि २०१० मध्ये युनेस्कोने त्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्या मनोऱ्यांबरोबर सनईच्या कुळातले ग्राल्या नावाचे वाद्य आणि ताशासारखा ढोल वाजतो. ही साथ शोभेची नाही. पायथ्याशी एकमेकांना बिलगून उभ्या असलेल्या माणसांना वरचे काहीच दिसत नसते. मनोरा कोठवर गेला, वरचे मूल कळसाला पोचले का, उतरण सुरू झाली का, हे त्यांना सुरावटीवरून कळते. आणखी एक गोष्ट : मनोरा रचून तो नीट उतरवला तरच तेथे यश पूर्ण मानतात. नुसते चढणे हे अर्धे यश. आपल्या कुस्तीच्या फडातली हलगीही अशीच आहे. ती लढतीबरोबर चढते आणि लढतीबरोबर उतरते. तिला काढून टाकले तर कुस्ती पाहण्याची क्रियाच अपुरी होईल. दहीहंडीच्या पथकाचा ढोलही मुळात याच जातीचा. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे तो ऐकू येईनासा झाला, ही हानी खेळाची आहे तितकीच कलेचीही आहे.

आणि येथे प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. वर चढणारे बहुधा मूल असते. अपघात आणि मृत्यू वाढू लागल्यावर ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची आणि अठरा वर्षांची मर्यादा घातली. अपिलांच्या वळणांनंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिथिल करण्यास नकार दिला. त्या वर्षी ठाण्यात नौपाड्यात उंचीची मर्यादा उघडपणे ओलांडली गेली आणि गुन्हे दाखल झाले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचे बंधन काढले, वयाची अट चौदा वर्षांवर आली. मधल्या काळात शासनाने दहीहंडीला साहसी खेळ म्हटले, २०२३ मध्ये ‘प्रो गोविंदा’ नावाची लीगही सुरू झाली. १६ ऑगस्ट २०२५ रोजी जोगेश्वरीच्याच कोकण नगर गोविंदा पथकाने ठाण्यात दहा थर लावले. या साऱ्या वादात आयोजक, पथके, शासन आणि न्यायालय यांची बाजू वारंवार मांडली गेली. प्रेक्षकाची बाजू कुणी मांडली नाही, आणि त्याला जाबही कुणी विचारला नाही. वस्तुतः थरांची उंची ज्या नजरेसाठी वाढत गेली, ती नजर त्याची होती.

डोंबिवलीत याच्या उलट चित्र दिसते. श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा तेथे सुरू झाली आणि पुढे तिचे अनुकरण महाराष्ट्रभर झाले. हा सांस्कृतिक सोहळा आहे, परंतु त्यात लेझीम असते, मल्लखांब असतो, कसरती असतात. खेळ येथे पाहुणा आहे आणि तरीही तो उपरा वाटत नाही, कारण लेझीम चालत्या मिरवणुकीच्या पावलांतूनच निघते. शिवाय फडके रोडवर नटूनथटून उभा असलेला प्रेक्षक स्वतःच दृश्याचा भाग असतो. काल्याच्या कीर्तनातले जुने नाते येथे नव्या वेशात परतले आहे असे म्हणता येईल. मात्र या यात्रेत कुणाचा जीव टांगणीला नसतो, हेही विसरता कामा नये. निश्चिंत सोहळ्यात एकरूप होणे सोपे असते.

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत. प्रेक्षक हसतो, वाहवा करतो, हळहळतो, रोमांचित होतो, ती मानुषी सिद्धी. प्रेक्षागृह भरलेले आहे आणि तरीही आवाज नाही, क्षोभ नाही, ती दैवी. दहीहंडीच्या चौकात पहिली सिद्धी दिवसभर विपुल असते. दुसरी फार थोडा वेळ येते : आठवा थर सावरतो आहे, वरचे मूल अजून उभे राहिलेले नाही, आणि हजारो माणसांचा श्वास एकदम अडतो. त्या क्षणी भागवतातल्या मल्लरंगाप्रमाणे कुणाला त्यात पराक्रम दिसतो, कुणाला भय, कुणाला आपले लेकरू. सोहळ्यात कला आणायची असेल तर तिने तो क्षण ऐकता यावा एवढी जागा सोडली पाहिजे, आणि प्रेक्षकाने मूल सुखरूप खाली उतरेपर्यंत मान वरच ठेवली पाहिजे. टाळ्या त्यानंतरच्या. साहित्याच्या वर्गात ‘सहृदय’ हा शब्द आम्ही दर वर्षी शिकवतो. त्याची परीक्षा सभागृहापेक्षा या चौकात अधिक कठीण असते.