माशांची 'क्वारेंतेना'

पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आमच्या जुन्या पिढीला 'क्वारेंतेना' हा शब्द परका नव्हता. त्यात 'चाळीस' दडलेले आहेत. प्लेगच्या दिवसांत बाहेरून येणाऱ्यांना बंदरापासून दूर थोपवून धरण्याचा कायदा एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागुझाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ साली केला. तिथे मुदत तीस दिवसांची होती. चाळिसाचा आकडा मागाहून आला आणि व्हेनिसच्या बोलीतून तो शब्द जगभर गेला. रोगजंतू तेव्हा कुणी पाहिलेच नव्हते, त्यामुळे आकडा अदमासाचा आणि थोडा श्रद्धेचाही. खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांच्या बाबतीत मात्र उलटे घडले. इथे दिवसांचा हिशेब माणूस परोपजीवी जंतूकडूनच शिकला, आणि तोही मासे गमावून.

खुल्या समुद्रात हे जंतू सहसा साथ माजवत नाहीत. पाणी अफाट, मासा हिंडता. अंगावरून गळलेल्या जंतूची पिलावळ पुन्हा मासा गाठील याचा संभव थोडा. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने सार्वजनिक मत्स्यालय उघडले, तशी पुढे गावोगावी उघडली, आणि काचेच्या भिंतींनी माशांची ही सुटका संपवली. तेच पाणी, तेच मासे, आणि मधूनच दूरच्या समुद्रातून आलेला नवा पाहुणा.

न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या माशांवरच्या एका चपट्या कृमीला १९२७ साली 'मेलेनी' हे नाव मिळाले, ते तिथल्या आयडा मेलन यांच्यावरून. (रोगकृमीला आपले नाव लागणे हा मान समजायचा की काय, कोण जाणे!) लंडनमध्ये ब्राउन यांनी १९३१ साली 'ऊडिनियम' या जंतूचे वर्णन केले. अंगावर पांढरे ठिपके आणणारा दुसरा जंतू जपानात सिकामा यांनी १९३७ सालीच नोंदवला होता. त्याला 'क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स' हे नाव ब्राउन यांनी १९५१ साली दिले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेही त्याच वर्षी. सिकामांना हा गोड्या पाण्यातल्या ठिपक्यांच्या जंतूचा सख्खा भाऊ वाटला होता. पुढे जनुकीय तपासणीत दोघांचे नाते दूरचे निघाले.

खरी मेख या जंतूच्या आयुष्यक्रमात आहे. माशाच्या कातडीत तो तीन ते सात दिवस पोसतो, मग बहुधा अंधारात गळून तळाशी जातो आणि स्वतःभोवती कोष विणतो. ठिपके नाहीसे झाले की मालकाला वाटते, मासा बरा झाला. प्रत्यक्षात कोषात दोनशेपर्यंत पिल्ले तयार होत असतात. ती बाहेर पडली की एक-दोन दिवसांत मासा गाठायचा, नाहीतर मरायचे.

बाजारात मासळी घेताना गोंयकार आधी कल्ले उघडून पाहतो. हा जंतूही पुष्कळदा आधी कल्ल्यांतच बसतो. पण पोहत्या माशाचे कल्ले कोण उघडणार? म्हणून 'दुकानात अगदी ठणठणीत होता' या बोलण्याला काही अर्थ नाही.

औषधाचा शोध सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या डेम्पस्टर यांनी घेतला. १९५५ साली त्यांनी ऊडिनियमवर मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, उपाय प्रसिद्ध केला. पण तांबे पोहत्या पिल्लांनाच मारते. कोषाला त्याचे काही वाटत नाही. शिवाय प्रवाळ, शंख, कोळंबी यांना ते विष, आणि प्रवाळाची वाळू ते शोषून घेते. तेव्हा औषध द्यायचे तर निराळी, उघड्या तळाची टाकी हवीच. विलगीकरणाची टाकी ही चैन नव्हे, ती या तांब्यामुळेच भाग पडली आहे.

इस्राएलच्या एलात इथे संशोधन करणाऱ्या कोलोर्नी यांनी कोष फुटण्याचे दिवस मोजले: कमीत कमी तीन, जास्तीत जास्त बहात्तर. या दोन आकड्यांनी कामाचे दोन रस्ते दाखवले. मासा दर तीन दिवसांनी स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत हलवायचा, असे चार वेळा. म्हणजे कोष मागे राहतात आणि पिल्ले निघण्याआधी मासा निघून गेलेला असतो. आणि मोठ्या टाकीत रोग शिरलाच असेल, तर तिच्यातला एकूण एक मासा काढून ती बहात्तर दिवसांहून थोडी अधिक रिकामी ठेवायची. प्रवाळ, शंख खुशाल राहू द्यावेत, जंतूला ते चालत नाहीत. थंड पाण्यात मात्र कोष याहूनही जास्त महिने तग धरतात. आपल्याकडच्या पंचवीस-सव्वीस अंशांच्या टाकीला बहात्तरचा हिशेब पुरतो.