मॅट्रिकनंतर काय? बडोद्याने १८९० मध्ये दिलेले उत्तर

१/ ‘दहावी-बारावीनंतर काय?’ हा प्रश्न आजचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात तो ‘मॅट्रिकनंतर काय?’ असा विचारला जाई. त्याचे एक धाडसी उत्तर १८९० मध्ये बडोदा संस्थानाने दिले. त्या उत्तराची ही कथा.

२/ मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. मॅट्रिक ही वस्तुतः त्याची प्रवेशपरीक्षा. व्यवहारात मात्र ती सरकारी कचेरीतील नोकरीची किल्ली ठरली. इंग्रजीची वेस ओलांडणाऱ्याला महाविद्यालय, वकिली, वैद्यकी किंवा निदान कारकुनी मिळे. त्या वेशीपाशी अडखळणाऱ्यासाठी पुढच्या वाटा फारच थोड्या होत्या.

३/ सुतार, लोहार, रंगारी, विणकर यांची विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. परंतु गिरणीचे कापड आणि परदेशी रासायनिक रंग बाजारात आले, तशी ही घरची विद्या अपुरी पडू लागली. नवे रसायनशास्त्र व यंत्रशास्त्र इंग्रजी ग्रंथांत होते आणि कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नव्हते.

४/ आधी मुंबईने एक मार्ग काढला. तेथील कापडगिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते; मोक्याच्या जागांवर इंग्लंडहून माणसे आणली जात. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. आजची माटुंग्याची व्हीजेटीआय ती हीच. यंत्रविद्या व वस्त्रविद्या शिकण्याची सोय झाली. विद्येची भाषा मात्र इंग्रजीच राहिली.

५/ नेमक्या याच ठिकाणी बडोद्याने वेगळा विचार केला. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आलेले महाराजा सयाजीराव गायकवाड तेव्हा गादीवर होते. त्यांच्या बडोदा कॉलेजात त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. गज्जर सुरतेच्या सुतार घराण्यातले. कारागिराची कुशलता आणि त्याची अडचण, दोन्ही त्यांना घरातूनच ठाऊक होत्या.

६/ १८९० मध्ये गज्जरांच्या नेतृत्वाखाली ‘कलाभवन’ सुरू झाले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या, वास्तुविद्या, चित्रकला असे विषय एका छताखाली आले. अध्यापनासाठी देशी भाषा स्वीकारण्यात आली. इंग्रजी येत नाही, एवढ्याच कारणाने येथे दार बंद होणार नव्हते.

७/ हा निर्णय सोपा नव्हता. देशी भाषांत तंत्रविद्येची पाठ्यपुस्तके नव्हती, कित्येक संकल्पनांना शब्दही नव्हते. म्हणून संस्थानाच्या साहाय्याने परिभाषा आणि पुस्तके तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. शाळा उघडायची, तर तिची भाषाही घडवावी लागते, हे गज्जरांनी ओळखले होते.

८/ कलाभवनाचा एक विद्यार्थी सर्वांच्या परिचयाचा आहे. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून येथे आले. तैलरंग व जलरंगातील चित्रकलेसोबत त्यांना छायाचित्रणाचा छंद लागला. गज्जरांनी त्यांचे गुण हेरून संस्थेची प्रयोगशाळा व छायाचित्रणगृह त्यांच्यासाठी खुले केले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यामागील हस्तकौशल्याची बैठक अशा शिक्षणातून घडली होती.

९/ १८९६ मध्ये गज्जर बडोदा सोडून मुंबईस गेले. चाफेकर बंधूंनी राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर डांबर ओतले होते. तो डाग काढणारे रसायनतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव गाजले. पुढे १९०७ मध्ये गज्जर व त्यांचे शिष्य यांच्या प्रयत्नांतून ‘अलेम्बिक’ हा रासायनिक कारखाना उभा राहिला. वर्गातली विद्या कारखान्यापर्यंत पोहोचली.

१०/ १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखेत विलीन झाले. मुंबईने गिरणीला कोण हवे, ते पाहिले. बडोद्याने दाराबाहेर कोण उभे आहे, तेही पाहिले. अभ्यासक्रमांची यादी कितीही लांब असो, त्यात प्रवेश कोणाला आणि कोणत्या भाषेत, यावरच ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे खरे उत्तर ठरते.