‘क्षेप’ कीं ‘उत्क्षेप’? गृध्रसीचें लक्षण व तिच्या उपशमाचा इतिहास

कुल्ल्यापासून मांडीच्या मागल्या बाजूनें पोटरींत व तेथून पावलापर्यंत उतरणारी जी तीव्र वेदना, तिला आज शहरांत व खेड्यांत सर्वत्र ‘सायटिका’ म्हणतात. आयुर्वेदांत तिचें नांव गृध्रसी. या रोगावर औषध सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास ग्रंथ वाचून जेवढें कळावें, तेवढेंच येथें मांडावयाचें आहे. प्रश्न तीन आहेत. या रोगांत आपल्या ग्रंथकारांनीं नेमकें काय पाहिलें? पश्चिमेकडील वैद्यांनीं काय पाहिलें? आणि रोग्यास आराम पडला तो कशामुळें? पहिल्या दोहोंचीं उत्तरें ग्रंथांत सांपडतात. तिसऱ्याचें उत्तर ग्रंथकारांनीं समजूत करून घेतली तितकें सरळ नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो आंथरुणावर. तीन वर्षांपूर्वीं जुन्या पोथ्यांची एक पेटी उचलतांना कमरेंत उसण भरली, व चार दिवसांत वेदना उजव्या पायांत उतरली. हितचिंतकांच्या आग्रहावरून आम्ही महिनाभर उताणे पडून राहिलों. त्या काळांत उशाशीं सुश्रुतसंहिता होती. तिच्या निदानस्थानांतील पहिल्या अध्यायांत गृध्रसीचें लक्षण वाचलें, आणि पडल्यापडल्या उजवा पाय गुडघ्यांत न वांकवितां उचलून पाहिला. वीतभरही उचलवेना. पुष्कळ वर्षें जें वचन केवळ व्याकरणाच्या दृष्टीनें वाचलें होतें, त्याचा अर्थ त्या दिवशीं पायानें सांगितला.

आतां ग्रंथांकडे वळूं. चरकसंहितेंत सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायांत वाताच्या 80 विकारांची गणना आहे, तींत गृध्रसी आहे. चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत तिचें वर्णन येतें. वेदनेचा आरंभ कुल्ल्यापासून होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल यांस ती क्रमानें व्यापते. ताठरपणा, ठणका, टोंचणी व वारंवार स्फुरण हीं लक्षणें होत. केवळ वाताची एक व वातकफाची दुसरी, असे तिचे दोन प्रकार तेथें सांगितले असून, दुसरींत झांपड, जडपणा व अरुचि यांची भर पडते. चरकाचा भर वेदनेच्या मार्गावर आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

सुश्रुताची दृष्टि निराळी. टांचेपासून बोटांकडे जाणारी कण्डरा वातानें पीडित झाली म्हणजे ती मांडीचा ‘क्षेप’ रोखून धरते, व त्या विकारास गृध्रसी म्हणतात, असें तो सांगतो. येथें वेदनेचा मार्ग गौण असून हालचालीचा अडथळा मुख्य आहे. परंतु ‘क्षेप’ म्हणजे काय? क्षिप् धातूचा अर्थ फेंकणें; त्यावरून पाय पुढें टाकणें, पसरणें, उचलणें असे अनेक अर्थ संभवतात. चालतांना पाऊल टाकवत नाहीं, एवढाच सुश्रुताचा आशय असूं शकेल. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या निदानस्थानांत, पंधराव्या अध्यायांत, बहुतेक हेंच वचन घेतलें. पण ‘क्षेप’ या पदाच्या जागीं त्यानें ‘उत्क्षेप’ हें पद योजिलें. ‘उत्’ या एका उपसर्गानें संदेह नाहींसा झाला. उत्क्षेप म्हणजे वर उचलणेंच. इ. स. च्या सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या या ग्रंथकाराचा हा फेरफार केवळ वृत्ताच्या सोईसाठीं झाला, कीं रोगी पाहून झाला, हें ठरविण्यास साधन नाहीं. तथापि अर्थ निश्चित झाला यांत शंका नाहीं. याच अष्टांगहृदयावर पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्यावरून हा ग्रंथ आपल्या प्रांतांत किती आदरानें अभ्यासिला जात होता, हें दिसून येतें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. गृध्रसीचें लक्षण वाचून कित्येक लेखक असें लिहितात कीं, आधुनिकांस ठाऊक असलेला मज्जातंतु सुश्रुतास ठाऊक होता. आम्हांस हें मान्य नाहीं. कण्डरा म्हणजे मोठा स्नायु. आणि वैद्यक ग्रंथांतील स्नायु म्हणजे हाडें व सांधे बांधून ठेवणारा दोर. आजच्या मराठींत स्नायु म्हणजे मांस असें आपण समजतों, तोही अर्थ तेथें नाहीं. दोरी ओढली गेली कीं पाय उचलवत नाहीं, अशी सुश्रुताची कल्पना. ओढ त्यानें बरोबर ओळखली. जें ओढलें जातें त्याची ओळख त्यास पटली नव्हती. पूर्वजांस त्यांच्या हक्काचें श्रेय द्यावें, त्याहून अधिक देणें हा इतिहास नव्हे.

आतां उपचार. चरक शिरावेध, बस्ति व अग्निकर्म सांगतो. शिरेचें स्थान कण्डरा व घोटा यांच्या मध्यें. सुश्रुत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत तेंच स्थान गुडघ्याच्या सांध्याच्या वर किंवा खालीं चार अंगुळांवर देतो, व वाग्भट सुश्रुतास अनुसरतो. एकाच रोगांत एक आचार्य घोट्याजवळ शीर तोडतो व दुसरा गुडघ्याजवळ. दोघांचेही रोगी बरे होत असले पाहिजेत, एरव्हीं हीं वचनें टिकलीं नसतीं. अकराव्या शतकांतील वंगदेशीय चक्रपाणिदत्तानें शेफालिकेच्या पानांचा मंद आंचेवर केलेला काढा दुर्वार गृध्रसीवर सांगितला आहे. शेफालिका म्हणजे अनेकांच्या मतें पारिजातक; अमरकोशांत मात्र ती निर्गुंडीच्या पर्यायांत येते. म्हणून कोणी पारिजातकाचीं पानें उकळतो, कोणी निर्गुंडीचीं, आणि गुण दोघांसही आला असें दोघेही सांगतात.

हाच प्रकार ग्रीस देशांतही दिसतो. हिपोक्रेटीसच्या नांवावर असलेल्या ग्रंथसमूहांत या रोगास ‘इस्खिआस’ म्हटलें आहे. ‘इस्खिओन’ म्हणजे खुब्याचें हाड, आणि ‘सायटिका’ हा शब्द याच मुळापासून लॅटिनच्या द्वारें आला. त्या समूहांतील सूत्रग्रंथ म्हणतो कीं, जुनाट इस्खिआसमध्यें डाग न दिल्यास पाय वाळून रोगी लंगडा होतो. डाग देणें दोन्हीकडे आहे. पण तेवढ्यावरून एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें अनुमान काढणें घाईचें होईल. असह्य वेदनेपुढें हतबल झालेला मनुष्य कोठेंही विस्तवाकडे वळतो.

सांध्याचें दुखणें व मज्जातंतूचें दुखणें यांचा स्पष्ट भेद केला तो नेपल्स येथील दोमेनिको कोतुन्यो (1736–1822) यानें, 1764 सालच्या आपल्या लॅटिन ग्रंथांत. मांडीच्या मागल्या बाजूस जाड मज्जातंतु असून वेदना त्याच्या मार्गानें उतरते, हें त्यानें दाखविलें. मज्जातंतूच्या वेष्टनांत दूषित द्रव सांचतो, ही मात्र त्याची कल्पना टिकली नाहीं. तो द्रव काढण्यासाठीं तो त्वचेवर फोड आणीत असे, व रोगी बरे होत. येथें कारण चुकलें, पण आराम पडला. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत धरावी.

पाय उचलून पाहण्याची परीक्षा पश्चिमेंत एकोणिसाव्या शतकांत रूढ झाली. ती पॅरिसचा शार्ल लासेग (1816–1883) याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. पण 1864 सालच्या त्याच्या सायटिकेवरील निबंधांत ती नाहीं. त्याचा शिष्य फोर्स्ट यानें 1881 सालीं आपल्या प्रबंधांत ती दिली, व मांडीचें मांस आंवळून मज्जातंतु दाबला जातो म्हणून दुखतें, असें कारण सांगितलें. त्याच्या एक वर्ष आधीं, 1880 सालीं, सर्बिया देशांतील वैद्य लाझा लाझारेविच (1851–1891) यानें तीच परीक्षा सर्बियन भाषेंत प्रसिद्ध करून मज्जातंतु ताणला जातो हें खरें कारण सांगितलें होतें. हा गृहस्थ आपल्या भाषेंतील नामांकित कथाकारही होता. 1884 सालीं त्याचें लिखाण जर्मन भाषेंत आलें. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें द बर्मान यानें शवाच्या पायांत मज्जातंतूच्या जागीं रबराची नळी बसवून, पाय उचलतांच ती ताणली जाते हें प्रत्यक्ष दाखविलें. तरीही नांव लासेगचेंच राहिलें. लहान भाषेंत लिहिणाराचें श्रेय मोठ्या भाषेंत लिहिणारास मिळतें, याचें हें एक उदाहरण होय.

ताण कोठें उत्पन्न होतो, हें कळण्यास आणखी 50 वर्षें लागलीं. 1934 सालीं बोस्टन येथील मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं दाखविलें कीं, पाठीच्या मणक्यांमधील गादी फाटून तिचा भाग बाहेर येतो व मज्जातंतूच्या मुळावर दाबतो. तेव्हांपासून ‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग घरोघरीं झाला. शस्त्रक्रिया वाढल्या, आणि ज्यांच्यावर ती करावयाची नसे त्यांस सक्तीची विश्रांति सांगण्याची रूढि पडली. आमच्या महिनाभराच्या शय्येचें मूळ याच रूढींत होतें.

मग पडताळा पाहण्याचे दिवस आले. 1999 सालीं हॉलंडमध्यें 183 रोग्यांच्या दोन तुकड्या करून एकीस दोन आठवडे निजवून ठेविलें व दुसरीस बेतानें नित्याचे व्यवहार करूं दिले. बारा आठवड्यांनंतर दोन्ही तुकड्यांतील शेंकडा 87 रोग्यांस उतार पडला होता. निजण्याचा अधिक लाभ दिसला नाहीं. 2007 सालीं त्याच देशांत 283 रोग्यांवर दुसरा पडताळा झाला. सहा ते बारा आठवडे तीव्र वेदना भोगलेल्यांपैकीं एका तुकडीवर लौकर शस्त्रक्रिया केली, दुसरीस थांबविलें. शस्त्रक्रियेनें आराम लौकर पडला. परंतु वर्षाअखेर दोन्हीकडे शेंकडा 95 जण बरे झाले होते. मात्र थांबविलेल्यांपैकीं शेंकडा 39 जणांस पुढें शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेंही सांगितलें पाहिजे. फुगून बाहेर आलेला गादीचा भाग पुष्कळदां आपोआप आक्रसतो, हें आतां छायाचित्रण-यंत्रांनीं दिसूं लागलें आहे.

यावरून आमचा निष्कर्ष असा. गृध्रसीचें निरीक्षण दोन हजार वर्षांत पायरीपायरीनें शुद्ध होत गेलें: मार्ग चरकानें सांगितला, अडथळा सुश्रुतानें, उचलणें वाग्भटानें, मज्जातंतु कोतुन्योनें, ताण लाझारेविचनें, दाब मिक्स्टर व बार यांनीं. उपायांची मात्र अशी चढती पायरी लागत नाहीं. शीर, डाग, काढा, फोड, शय्या हे एकामागून एक आले, व प्रत्येकास यश मिळालें. कारण बहुतेक रोग्यांचें दुखणें दोन-तीन महिन्यांत स्वभावतःच ओसरतें, आणि त्या वेळीं जो उपाय चालू असेल तो श्रेय घेऊन जातो. आम्ही तिसऱ्या महिन्यांत हिंडूंफिरूं लागलों तेव्हां तेल चोळणारा, काढा देणारी शेजारीण, गोळ्या देणारे डॉक्टर व नवस बोललेली आमची भगिनी या चौघांनींही तें यश आपलें मानलें. आम्ही चौघांचेही आभार मानले.

याचा अर्थ कोणीं वेदना सोसीत बसावें असा नव्हे. वेदना मंद करणारें औषध, शेक व बेतानें चालणें यांनीं मधला काळ सुसह्य होतो. परंतु मूत्रावरोध होणें किंवा मलमूत्रावर ताबा न राहणें, बैठकीची जागा बधिर होणें अथवा पाऊल लुळें पडणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास एक दिवसही न दवडतां रुग्णालय गांठावें. तेथें कालक्षेपानें कायमचें नुकसान होतें.

शेवटीं एक विनंति. आपल्याकडील जुन्या घराण्यांत हिशेबांच्या व स्तोत्रांच्या बाडांतून घरगुती औषधांचीं टिपणें आढळतात. ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं गृध्रसीचे किंवा पाय धरल्याचे उपाय उतरून प्रसिद्ध करावे. मात्र औषधाबरोबर, रोगी किती दिवस पडून होता व औषध सुरू केल्यावर किती दिवसांनीं उठला, याची नोंद कोठें सांपडल्यास ती आधीं उतरून घ्यावी. औषधांचे पाठ विपुल आहेत. दिवसांची मोजणी फार दुर्मिळ आहे.